हायस्कुलाला मधले वर्ग जोडा

(बालाघाटच्या डोंगरांतील एका खेड्यांत, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपुढें तेथील शिक्षकानें केलेलें भाषण. सभेस आसपासच्या वाड्या, वस्त्या व तांडे येथील आईबाप जमले होते.)



पेरणीची घाई असतां कामधाम टाकून तुम्ही शाळेच्या या पत्र्याखालीं येऊन बसलां, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहों. आम्ही कांहीं मोठे वक्ते नव्हे. मराठी माध्यमाच्या अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकलों आणि तेव्हांपासून तुमचींच लेंकरें समोर घेऊन बसलों आहों. तेव्हां जें बोलूं तें खडूच्या हाताचें बोलणें आहे. तें गोड मानून घ्यावें.

सांगावयाची गोष्ट एकच आहे. आपल्या गांवची शाळा पांचवीला संपते. फाट्यावरचें हायस्कूल आठवीला सुरू होतें. मग मधली सहावी आणि सातवी कोठें आहे? ती नदीपलीकडच्या गांवीं आहे, साडेचार-पांच किलोमीटरांवर. धट्टीं पोरें तेथें जातात. बाकीचीं घरीं बसतात, आणि त्यांत पोरी अधिक. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, फाट्यावरच्या हायस्कुलास सहावी व सातवीचे वर्ग जोडून मिळाले पाहिजेत. आणि ते नुसते कागदावर नव्हेत, तर शिक्षकासहित, खोलीसहित आणि जेवणासहित मिळाले पाहिजेत.

आपल्यांत सुतार मंडळी बसली आहेत. त्यांना आम्ही विचारतों, दहा पायऱ्यांची शिडी करून तिच्या सहाव्या आणि सातव्या पायरीच्या जागीं भोंक ठेवलें, तर तिला गिऱ्हाईक शिडी म्हणेल काय? उंच टांगांचा गडी कसाबसा वर जाईल. लहान पोर खालींच राहील. मग आपणच म्हणणार, "पोराच्या नशिबांत चढणें नव्हतें." नशिबाला कशाला बोल लावतां? पायरी कोणी घातली नाहीं, हें बघा!

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या पांचवीच्या वर्गांत एक मुलगी होती. नांव सांगत नाहीं. हिशेबांत ती साऱ्या वर्गाच्या पुढें असे. बाजाराच्या दिवशीं बाप तिला बरोबर नेई, कारण ती जवळ असली म्हणजे कांद्याच्या पट्टींत व्यापाऱ्याची चूक होत नसे. पांचवी झाली. उन्हाळ्यांत बाप आला आणि म्हणाला, "गुर्जी, पोरीचा दाखला द्या." आम्हीं आपल्या हातानें दाखला लिहिला, शिक्का मारला, आणि "खूप शिक हो बाळ" असें म्हणून तिच्या हातीं दिला. तो दाखला ट्रंकेंत गेला. पहिल्या वर्षीं नदीला पाणी, सोबतीला दुसरी पोर नाहीं, म्हणून "पुढल्या सालीं घालूं" असें ठरलें. दुसऱ्या वर्षीं दिवाळी होतांच ती आईबापाबरोबर कारखान्यावर गेली आणि कोपीवर धाकट्या भावाला सांभाळूं लागली. ज्या सालीं तिनें हायस्कुलांत आठवीला बसावयाचें, त्या सालीं तिचें लग्न झालें. पुढें एकदां एसटीच्या थांब्यावर भेटली. कडेवर मूल होतें. "गुर्जी, माझा दाखला अजून हाय बरं का," एवढेंच म्हणाली. त्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. आजही सुचत नाहीं.

आतां यांतील गोम पाहा. आमच्या रजिस्टरांत तिच्या नांवापुढें "पांचवी उत्तीर्ण, दाखला दिला" असें लिहिलें आहे. म्हणजे आमचा हिशेब चुकता. हायस्कुलाच्या रजिस्टरांत तिचें नांव कधीं आलेंच नाहीं. म्हणजे त्यांचाही हिशेब चुकता. शाळा सोडलेल्या मुलांची यादी वरून मागविली, तर आम्ही म्हणणार, "आमच्याकडून कोणी सुटलें नाहीं". आणि तेही तेंच म्हणणार. दोन्ही शाळा निर्दोष, आणि पोर मात्र गेली! हल्लीं मुलांची नोंद संगणकावर होते. ठीक आहे. पण संगणक कोणाच्या घरीं जाऊन ट्रंकेंतला दाखला बाहेर काढीत नाहीं. तें माणसाचें काम आहे, आणि तें कोणाचें हें ठरलेलें नाहीं. हायस्कूल जर सहावीपासून सुरू झालें, तर आमच्या पांचवीची यादी आणि त्यांच्या सहावीची यादी यांमध्यें एक उन्हाळाच राहील, दोन वर्षांची दरी राहणार नाहीं. कोणतें नांव गळलें, तें जून महिन्यांतच उघडें पडेल.

कोणी म्हणेल, गुरुजी हें सरकारकडे दान मागतात. तसें नाहीं. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेंकराला पहिली ते आठवीचें शिक्षण मिळालें पाहिजे, असें तो सांगतो. आपल्या राज्यानें २०११ सालीं त्याचे नियम केले. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, आणि नसेल तेथें जाण्यायेण्याची सोय व्हावी, असें त्यांत आहे. म्हणजे आपण मागतों तें आपल्या लेंकरांच्या हक्काचें आहे. तें मागतांना हात जोडावयाचे ते माणुसकीनें जोडावे, लाचारीनें नव्हे.

ही फट पडली कशी, तेंही समजून घ्या. आपल्या राज्यांत पूर्वीं पहिली ते चौथी, पांचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे तीन तुकडे होते. नव्या कायद्यानें पांचवी खालीं आली आणि आठवी सातवीच्या जोडीला गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही सहावी, सातवी व आठवी मिळून एक मधला टप्पा धरला आहे. पण शाळांच्या इमारती आणि शिक्षकांच्या जागा जुन्याच मापाच्या. कोठें चौथीला पांचवी चिकटविली, कोठें सातवीला आठवी. जेथें कोणी मागणी केली नाहीं तेथें तसेंच राहिलें. सदरा नव्या मापाचा बेतला, पण बाह्या जुन्याच ठेवल्या, अशांतला हा प्रकार आहे. आपल्या पोरी त्या उसवलेल्या शिवणींतून खालीं पडतात.

आणि हें आपल्या मुलखाला नवें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तेव्हां शाळांच्या तीन पायऱ्या असत: तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया, म्हणजे खालची, मधली आणि वरची. खालच्या शाळेंत आपल्या पोराला मराठी शिकतां येई. पुढें गेलें कीं सरकारी शिक्षण उर्दूंत. घरीं मराठी बोलणारें कुणब्याचें, कुंभाराचें पोर त्या मधल्या उंबऱ्यावर अडखळे आणि माघारीं येऊन बैलांमागें लागे. म्हणूनच त्या काळीं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेसारख्या लोकांनीं चालविलेल्या शाळांचें मोल फार. स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक होते. आज भाषेचा उंबरा उरला नाहीं. पण आपल्या वाडीला मधल्या शाळेचा उंबरा आहे तसाच आहे. पूर्वीं तो परक्या भाषेचा होता, आतां अंतराचा आहे.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी निवेदन दिलें. सरकारचा पैका रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरास मिळतो, ही त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांनीं मागितलें. बारा वर्षें! मायबाप हो, बारा वर्षांचें पोर कोणत्या वर्गांत असतें? सहावी-सातवींत. ज्या वयापर्यंत शिक्षण व्हावें म्हणून जोतीरावांनीं त्या काळीं हाक दिली, नेमक्या त्याच वयाला आपल्या वाडींत आज शाळा नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्यालाही शंभर वर्षें होऊन गेलीं.

आतां कारखान्याचें बोलूं, कारण त्यावांचून आपल्या शाळेची कथा पुरी होत नाहीं. आपल्यापैकीं बरींच घरें दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल फेडण्यासाठीं निघतात. पट्टा पडला म्हणजे उन्हाळ्यांत परत येतात. उचल मिळते ती एका माणसाला नव्हे, कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणून पोराला मिसरूड फुटलें नाहीं तोंच त्याची जोडी लावण्याची घाई होते. पोरीच्या बापालाही घोर असतो. वाढत्या वयाची पोर गांवांत कोणाच्या भरंवशावर ठेवावी? फडावर न्यावी तर तेथें कोपीला दार नाहीं. मग तो म्हणतो, "उजवून टाकूं, म्हणजे जोखीम गेली." आम्ही त्याला राक्षस म्हणत नाहीं. तो भ्यालेला बाप आहे. पण त्याच्या भीतीची किंमत पोर भरते. सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्याचा आंकडा आला आहे. वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा ४३ हून अधिक जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें होतें. साऱ्या महाराष्ट्राचा आंकडा शेंकडा २२ च्या आसपास, आणि आपला त्याच्या दुप्पट!

ज्या पोरीच्या पाठीवर दप्तर आहे तिला मागणी घालतांना लोक थोडे थबकतात. जी घरीं बसली तिच्याकडे पाहून शेजारीणच विचारते, "औंदा उरकायचं का?" दप्तर कांहीं चिलखत नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण दप्तर उतरलें कीं दुसरा अडसर उरत नाहीं. सहावी-सातवीचीं दोन वर्षें म्हणजे तो अडसर निघण्याचीं वर्षें. म्हणून या दोन वर्गांसाठीं आम्ही एवढे हातघाईवर आलों आहों.

आतां या मागणीविरुद्ध जें बोललें जातें, त्याचा विचार करूं.

पहिला आक्षेप नदीपलीकडच्या शाळेंतील आमच्या व्यवसायबंधूंचा. ते म्हणतात, हायस्कुलास सहावी-सातवी दिली तर आमचा पट फुटेल आणि शिक्षक जाईल. हा आक्षेप खोटा नाहीं. शिक्षकाची जागा पटावर ठरते. २०१७ च्या अखेरीस दहांहून कमी पटाच्या शेंकडों शाळा बंद करण्याचा निर्णय याच राज्यांत झाला आणि २०२३ सालीं लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. आम्ही स्वतः लहान शाळेचे शिक्षक; दुसऱ्याचा वर्ग मोडून आपला वर्ग मांडणें आम्हांस पाप वाटतें. म्हणून आमचें सांगणें स्पष्ट आहे. जीं मुलें आज त्या शाळेंत जातात तीं तेथेंच राहोत. आम्ही फक्त फाट्याच्या अलीकडच्या वाड्यांतल्या, जीं कोठेंच जात नाहींत, त्या मुलांसाठीं वर्ग मागतों. ती यादी नांवानिशीं करूं आणि त्यांच्या शिक्षकांपुढेंही ठेवूं.

दुसरा आक्षेप असा कीं, हायस्कूलवाल्यांना मुलांची माया नसून पटाची आहे. मे महिन्यांत आठवीसाठीं मुलें गोळा करीत दप्तरांचीं आमिषें दाखवीत कोणी फिरतात, हें आपण पाहिलें आहे. यावर उत्तर एकच: वर्ग मागावा, पण अटी घालून मागावा. मोकळ्या तासाला आठवी-दहावीचा शिक्षक पाठवून सहावी चालवूं, असें कोणी म्हटलें तर तें आपण मान्य करूं नये. कायद्याच्या परिशिष्टांतच सांगितलें आहे कीं, सहावी ते आठवीला दर वर्गास निदान एक शिक्षक पाहिजे. आणि त्यांत विज्ञान व गणित यांस एक, समाजशास्त्रास एक आणि भाषेस एक असा शिक्षक असावा. पस्तीस मुलांमागें एक शिक्षक हें प्रमाण, आणि वर्षांत २२० दिवस शाळा. एवढें मोजून घ्या. मापांत कमी भरलें तर दुकानदाराला आपण बोलतों, मग येथें गप्प कां?

तिसरा आक्षेप आपल्याच घरांतला. "वर्ग काढला तरी दिवाळीला आम्ही जाणार, मग रिकाम्या वर्गाला काय करूं?" हा सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि त्याचें उत्तर भाऊराव पाटलांनीं करून दाखविलें आहे. त्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उभें केलें. आणि तेथें महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें तें १९४० सालीं. म्हणजे आधीं पोराच्या डोक्यावर छप्पर आणि ताटांत भाकर, हायस्कूल मागाहून. आपण उलटें करतों; आधीं वर्गाची पाटी लावतों, आणि पोर राहणार कोठें तें विचारीतच नाहीं. ऊस तोडणाऱ्यांच्या लेंकरांसाठीं हंगामी वसतिगृहाची सोय आहे. २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें सरकारी वसतिगृहांची योजनाही निघाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें, म्हणजे दर तालुक्यास मुलांचें एक व मुलींचें एक, असें तिचें माप. या सोयी आपल्या सहावी-सातवीच्या पोरींपर्यंत पोहोंचल्या पाहिजेत. आणि हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळींत करून उपयोग नाहीं, ती पावसाळ्यांतच गेली पाहिजे.

तेव्हां आजच्या सभेनें पुढील ठराव करावा, अशी आमची विनंती आहे.

एक, फाट्यावरच्या हायस्कुलास सहावी व सातवीचे वर्ग जोडावेत, आणि त्याआधीं त्यासाठीं शिक्षक व स्वतंत्र खोल्या मंजूर व्हाव्यात. दोन, मुलींसाठीं पाण्याची सोय असलेलें वेगळें शौचालय पहिल्या दिवसापासून असावें. ज्या शाळेंत तें नाहीं तेथें बारा वर्षांची पोर टिकत नाहीं, हें प्रत्येक आई जाणते. तीन, पहिली ते आठवीच्या मुलांस दुपारचें जेवण मिळतें. तें या वर्गांनाही तेथेंच शिजवून मिळावें. चार, शाळेच्या वेळेला धरून एसटीची फेरी असावी. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नांवाचा फुकट पास मिळतो खरा, पण गाडीच वेळेवर नसली तर पास चुलींत घालावयाचा काय? पांच, दर मे महिन्यांत आमच्या पांचवीची यादी हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांकडे जावी आणि जून संपण्यापूर्वीं दोन्ही शाळांच्या शिक्षकांनीं मिळून गळलेल्या प्रत्येक घरीं जावें. दाखला यापुढें आईबापाच्या हातीं देऊन आम्ही मोकळे होणार नाहीं. तो पुढल्या शाळेंत पोहोंचला कीं नाहीं हें आम्ही स्वतः पाहूं. हा शेवटचा कलम आमच्या स्वतःवर आहे आणि तो आम्हीं आधींच मान्य केला आहे.

हें झालें सरकारचें आणि शाळेचें काम. आतां तुमचें. वर्ग मंजूर होऊन आला आणि त्यांत बसावयास पोरी नसल्या, तर पुढल्या वर्षीं तो बंद होईल आणि पुन्हां कोणी देणार नाहीं. म्हणून ज्यांना ज्यांना सहावीला घालावयाची पोर आहे, त्यांनीं आज आपल्या सहीनें अगर अंगठ्यानें नांव लिहून द्यावें. ज्यांना कारखान्यावर जाणें आहे, त्यांनीं पोर कोणाजवळ राहील तें आजच सांगावें: आजीजवळ, मावशीजवळ, कीं वसतिगृहांत. ज्या म्हाताऱ्या बाया घरीं राहतात, त्यांच्याकडे आम्हीं हात जोडून मागणें मागतों. आजी हो, तुम्हांला अक्षर येत नसेल. पण संध्याकाळीं दिवा लावून पोरीला पुस्तक घेऊन बसविणें तुम्हांला येतें. वाडीची अर्धी शाळा तुमच्या हातांत आहे.

लोहारदादांनो, तुम्ही कोयत्याला धार लावतां. तो कोयता तुमच्या-आमच्या पोटासाठीं आहे, त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण तो कोयता बारा वर्षांच्या पोरीच्या हातीं जाऊं नये, एवढें पाहणें आपल्या सर्वांच्या हातीं आहे.

त्या पोरीचा दाखला अजून ट्रंकेंत आहे. तिचें शिक्षण आतां आम्ही परत आणूं शकत नाहीं. पण तिच्या कडेवरचें मूल शाळेंत येईल, पांचवी होईल, आणि पुन्हां कोणी गुरुजी दाखल्यावर शिक्का मारील. त्या दिवशीं फाट्यावर सहावीचें दार उघडें असावें, एवढ्यासाठीं आज अंगठा उठवा.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों. कागद आणि शाईची गादी तेथें टेबलावर ठेवली आहे.